लेक झोपायलाच घाबरत होती

गेल्या जूनमध्ये आम्ही साताऱ्याहून पुण्याला बिऱ्हाड हलवलं आणि चार वर्षांच्या लेकीच्या झोपेचं सगळं गणित फिसकटलं. साताऱ्यात आजीच्या कुशीत नऊला झोपणारी पोरगी साडेअकरा वाजले तरी जागी. पाणी हवं, शू आली, अजून एक गोष्ट. शेवटी थकून मी हातात मोबाइल द्यायचे. झोपल्यावर तासा-दीड तासाने ती किंचाळून उठायची. डोळे सताड उघडे, पण मला ओळखायची नाही. सकाळी विचारलं तर काहीच आठवत नसे. सासूबाईंनी सांगितलं म्हणून मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली. त्याने मला धीर आला, किंचाळणं थांबलं नाही.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी आधी झोपेचे तास मोजायला लावले. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून 10 ते 13 तास लागतात. हिची जेमतेम साडेनऊ तास होत होती. किंचाळणं गाढ झोपेतलं आहे, हलवून जागं करू नका, लागणार-पडणार नाही एवढं बघा, असं त्या म्हणाल्या. अपुरी झोप आणि ताण, दोन्हींनी ते वाढतं. मग त्यांनी विचारलं, "तिला कशाची भीती वाटते?" मला सांगता येईना.

सुरुवात आम्ही सकाळपासून केली. रोज सातला उठवायचं, रविवारीसुद्धा. दुपारची झोप तीनच्या आत संपवायची. रात्रीची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. साडेअकरावरून नऊवर यायला सव्वा महिना लागला. आठनंतर मोबाइल बंद, ट्यूब बंद, एक छोटा पिवळा दिवा. प्रखर उजेडात झोप आणणारं मेलाटोनिन दबतं, आणि लहान मुलांत जास्तच. सगळ्यात अवघड होतं नवऱ्याचं. तो नऊला घरी यायचा आणि लेकीशी दंगा करायला त्याला तेवढाच वेळ मिळायचा. मग सकाळची आंघोळ, वेण्या आणि शाळेत सोडणं त्याने स्वतःकडे घेतलं. शाळा नऊची असल्यामुळे ते जमलं.

भीतीचा उलगडा मात्र संध्याकाळी झाला. अंथरुणात गेल्यावर विचारलं की ती गप्प व्हायची, म्हणून दिवेलागणीला शुभंकरोति झालं की मी तिला घेऊन गॅलरीत बसायला लागले. काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं. दहा-बारा दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "आई, मी झोपले की आपण कुठे जातो?"

साताऱ्याहून निघताना रडारड नको म्हणून आम्ही तिला पहाटे झोपेतच उचलून गाडीत ठेवलं होतं. डोळे उघडले तेव्हा आजी नव्हती, घर नव्हतं. ते आठवून मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेलो. रविवारी दुपारी आजी स्टँडवर आली. लेकीने तिला घट्ट मिठी मारली, एसटीच्या खिडकीतून हात हलवला आणि खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत हमसून रडली. मी तिला गप्प केलं नाही. पुण्यात उतरेपर्यंत ती टक्क जागी होती.

रात्री दिवा मंद केला तेव्हा तिने विचारलं, "सकाळी इथेच ना?"

"इथेच," मी म्हटलं. तिने कूस बदलली.