पालक परत आला

आज सकाळी काकांनी पालकाची जुडी परत आणून दिली. ओल्या कागदात गुंडाळलेली तशीच, दोरासुद्धा सोडला नव्हता. "राग मानू नकोस गं, मला नाही चालत सध्या," म्हणाले आणि लगेच वाफ्यात डोकावून, "वांग्याला मावा पडलाय वाटतं, पानं उलटी करून बघ," असं सांगून निघूनही गेले. मावा होता खरंच, पानांखाली बारीक किडे चिकटलेले.

आता ह्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाहीये, कळतं मला, पण दिवसभर तेच डोक्यात. नागअळीची एकही पांढरी नागमोडी रेघ नसलेली पानं शोधशोधून खुडली होती, बाहेरची बाहेरची, मधला कोंब न दुखावता. स्वतःसाठी मी एवढं कधी निवडत नाही, रेघावाली पानं माझ्याच वाट्याला असतात.

नंतर वहिनींकडून कळलं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे त्यांना, वॉरफरिन, आणि पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के बरोबर तिच्या उलट काम करतं. म्हणजे वहिनींना माहीत होतं. ताईंनाही माहीत होतं. मलाच तेवढं नाही. रोज कुंपणापाशी उभं राहून भुरीच्या रोगावर काय मारलंस, शेणखत नीट कुजलंय का, भोपळ्याला नुसती नर फुलंच येतायत का, सगळं सगळं बोलतो आम्ही आणि हे एवढं मात्र सांगावंसं वाटलं नाही. मी काय गावभर केलं असतं?

बरं, वहिनींना म्हटलं मग तुम्ही घ्या ही जुडी, तर त्यांना किडनी स्टोनचा त्रास, पालकात ऑक्झलेट भरपूर. उकळून पाणी टाकून दिलं तर थोडं कमी होतं, पण त्यांच्या डॉक्टरांनी नकोच सांगितलंय. ताईंचं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय, पोटॅशियम नको म्हणून टोमॅटो मोजून खायचा. म्हणजे मी कंबर मोडून पिकवायचं आणि ह्यांच्या रिपोर्टांनी एकेक भाजी नापास करायची! पूर्वी कोणाच्या मिरचीला पानं मुरडणारा बोकड्या आलाय ह्यावर तास जायचा, आता कोणाचं काय वाढलंय ह्यावर.

संध्याकाळी पाणी घालत होते तर काका परत कुंपणाशी. मी मुद्दामच काही विचारलं नाही, फुगूनच होते जरा. त्यांनीच काढलं. "अगदी बंद नाही गं केलेलं. पण जे खाऊ ते रोज साधारण सारखं हवं, एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर काहीच नाही असं केलं की रक्ताच्या टेस्टचा आकडा वरखाली होतो आणि गोळीचा डोस बदलावा लागतो. तुझ्या टोमॅटोचंच झालंय माझं." टोमॅटो बुडाशी काळा पडून सडायला लागला की मीच सगळ्यांना ऐकवत असते ना, बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, पण पाणी कधी तुडुंब कधी ठणठणीत कोरडं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही, अंड्याची टरफलं पुरून लगेच काही होत नसतं. माझंच ज्ञान मला परत. हसूच आलं एकदम, फुगणं राहिलं बाजूला.

तरी मला का नाही सांगितलं हे विचारायचं राहिलंच. विचारणार होते, पण कपाटातलं ते पाकीट आठवलं, ते तरी मी कुठे कोणाला... असो. निदान एका माणसाशी नुसतं माव्याबद्दल बोलावं असं वाटलं असेल त्यांना. वाटू शकतं. तरी सांगायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे.

मग विचारलं, दुधी चालेल का. चालेल म्हणाले. म्हटलं, पण कापल्यावर आधी इवलासा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्यायचा, त्याचा रस तर अजिबात प्यायचा नाही, शिजवूनही ते विष जात नाही, माणसं सिरीयस होतात त्यानं.

"वा! पालकानं नाही जमलं तर आता दुधी काढलास होय," काका म्हणाले.

उद्या काढते एक. देठाकडची चकती कापून आधी मीच चाखणार आणि मगच देणार, उगाच नंतर माझ्या नावानं बोंब नको.