आमची वाटचाल: ऑइल कूलरपासून हायड्राइड टाकीपर्यंत

भोसरी एमआयडीसीत वडिलांनी वर्कशॉप टाकलं ते ऑइल कूलर आणि हीट एक्स्चेंजरच्या जॉबवर्कसाठी. हायड्रोजनचं कामही त्याच ओळखीनं आलं. एका संशोधक गटाला इंधन म्हणून हायड्रोजन साठवायचा होता. त्यासाठी लॅन्थेनम-निकेल मिश्रधातूची पावडर भरायला टाकी हवी होती, आणि ती आतून थंड करायची होती.

हा मिश्रधातू साध्या तापमानाला, थोड्याच दाबाखाली हायड्रोजन शोषून घेतो आणि त्याचं हायड्राइड, म्हणजे धातू आणि हायड्रोजनचं संयुग, बनतं. गाडीत ७०० बार, म्हणजे हवेच्या सुमारे ७०० पट दाबाचा कार्बन फायबरचा सिलिंडर बसवण्यापेक्षा ही मोठी सोय. पण तो वजनाच्या जेमतेम १.४ टक्के वायू धरतो. ५ किलो हायड्रोजनला सुमारे ३६० किलो धातू लागतो. बहुतेक चर्चा याच आकड्यापाशी अडते. मॅग्नेशियम हायड्राइड ७.६ टक्के धरतं, म्हणून सगळे तिकडे धावतात. मात्र वायू सोडायला त्याला ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं.

माझ्या मते टाकी ठरते ती उष्णतेवर. लॅन्थेनम-निकेलमध्ये वायू शोषला जाताना हायड्रोजनच्या दर मोलमागे सुमारे ३० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ५ किलो वायू ५ मिनिटांत भरायचा, तर अडीचशे किलोवॅट उष्णता काढावी लागेल! ती निघाली नाही की पावडर तापते आणि शोषण मंदावतं. त्यात ही पावडर उष्णतेची फार वाईट वाहक. म्हणून आम्ही थंड करणाऱ्या, पातळ फिन्सच्या (पत्र्याच्या पात्यांच्या) नळ्या जवळजवळ बसवतो, आणि फुगवलेलं ग्रॅफाइट मिसळून पावडरच्या वड्या दाबून घेतो.

दुसरी अडचण फुगण्याची. वायू घेताना धातू आकारमानानं सुमारे २५ टक्के फुगतो, तडकतो, आणि काही भरण्यांनंतर त्याचे कण मायक्रॉनमध्ये मोजावे लागतात. उभ्या टाकीत हे बारीक कण खाली बसतात आणि पुढच्या भरणीला भिंतीवर जोर देतात. म्हणून आत आडवे कप्पे, फुगायला मोकळी जागा आणि तोंडाशी सिंटर्ड फिल्टर (धातूची भुकटी तापवून जोडलेली बारीक गाळणी). एकदा वायू घेऊन गेलेली पावडर हवेत पेटू शकते, त्यामुळे ती हाताळायची आर्गॉन या निष्क्रिय वायूनं भरलेल्या बंद पेटीत, म्हणजे ग्लोव्ह बॉक्समध्येच. टाकी ३१६एल स्टीलची, प्रत्येक वेल्डची हेलियम लीक टेस्ट. आमचे वेल्डर या टेस्टच्या बाबतीत माझ्याहून कडक आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे.

प्रवासी कारला हे वजन परवडत नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगतो. फोर्कलिफ्टला मात्र तोल सांभाळायला मागे काउंटरवेट, म्हणजे जड वजन लागतंच. सध्या त्या जागेत बसेल अशा टाकीचं डिझाइन टेबलावर आहे.