१८८१ च्या जनगणनेत पणजोबा सापडत नाहीत: सात दिवसांच्या शोधाचा वृत्तांत

माझे पैसे आणि दिवस गेले तसे तुमचे जाऊ नयेत, म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो: आपल्याकडच्या जनगणनेत पूर्वजांची नावं सापडत नाहीत. अमेरिकेतल्या चुलतभावानं हे वेड डोक्यात भरवलं होतं. तिकडे ७२ वर्षं झाली की जनगणनेची घरोघरची पानं लोकांना बघायला मिळतात. १९५० ची पानं २०२२ मध्ये खुली झाली आणि त्याच्या शेजाऱ्यानं एका रविवारात आजीचं घर, तिचं वय, तिच्या भावंडांची नावं काढली. उरलेलं त्याला काउंटीच्या कचेरीतल्या लग्नाच्या आणि जमिनीच्या नोंदींत मिळालं. इंग्लंडमध्ये १०० वर्षं थांबावं लागतं, तिथली १९२१ ची जनगणनाही २०२२ मध्येच खुली झाली. भाऊ म्हणाला, "इंग्रजांनीच आपल्याकडे १८७२ ला जनगणना सुरू केली, १८८१ पासून दर दहा वर्षांनी केली, मग आपली पानं असणारच." मला ते पटलं. चार महिने मी ती पानं शोधत होतो.

ती नाहीत. आपल्याकडे तक्ते आणि अहवाल छापले गेले, घरोघरची मूळ पत्रकं जपली गेली नाहीत. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ असं आहे की व्यक्तीची नोंद कुणालाही बघायला मिळत नाही, पुरावा म्हणूनही चालत नाही. अपवाद एकच, आणि तो मला फार उशिरा कळला. १९५१ च्या जनगणनेवरून नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली होती आणि तिच्या प्रती काही तहसील कचेऱ्यांत अजून आहेत. नशीब असेल तर तुमच्या गावाची मिळेल. माझ्या गावाची मिळाली नाही.

आता प्रवास. आजोबा लहान वयात मुंबईला गिरणीत आले. गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पणजोबांचं नाव माहीत होतं, त्यांच्या वडिलांचं नव्हतं. पणजी 'प्लेगात गेली' एवढंच घरात सांगत. एवढ्या शिदोरीवर जानेवारीत निघालो. मोडी अडखळत का होईना वाचता येते, जमिनीवर चार तास मांडी घालून बसता येतं आणि सोबत मास्क आहे, हे मी पुढे गृहीत धरलं आहे. मोडी येत नसेल तर आधी तीन महिने ती शिका, मग निघा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग असतात.

पहिला दिवस पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात काढला. अर्ज, ओळखपत्र, विषय सांगितला की रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, बघायला मिळतो. जागा शांत, माणसं मदत करणारी. पण स्पष्ट सांगतो: घराण्यात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, इनाम किंवा शिलेदारी नसेल तर इथून सुरुवात करू नका. हे राज्याच्या हिशेबाचे आणि वतनाच्या भांडणांचे कागद आहेत. साधी रयत त्यात क्वचित नावानं येते. मला तिथं एकच गोष्ट मिळाली, ती म्हणजे जुन्या कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन वाचायचा सराव. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७१, आणि ते वर्ष मृगात बदलतं, म्हणून जानेवारी ते मे मधला कागद असेल तर ६०० मिळवायचे. फसलीला, म्हणजे महसुली सनाला, ५९०, शकाला ७८. हे एका कागदावर लिहून खिशात ठेवा.

दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. तालुक्याचं नाव लिहीत नाही. या तीन दिवसांबद्दलच मला खरं बोलायचं आहे.

पहिली चूक माझी. आजच्या तालुक्याला गेलो. गावं जागेवर राहतात, तालुके हलतात. सांगली जिल्हा म्हणजे १९४९ च्या आधीचा सातारा. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. शिराळा आधी वाळवा तालुक्याचा पेठा, म्हणजे पोटतालुका, होता. जत, औंध, मिरज, सांगली ही संस्थानं होती. म्हणून निघण्यापूर्वी आपलं गाव १९०० साली कुठल्या तालुक्यात, कुठल्या पेठ्यात, का कुठल्या संस्थानात होतं ते जुन्या गॅझेटियरमधून काढा. सातारा जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर यासाठी पुरेसं आहे. मी ते न केल्यानं अर्धा दिवस चुकीच्या दारात बसलो.

दुसरी गोष्ट मात्र माझी चूक नाही, आणि तिचा राग अजून उतरलेला नाही. बरोबर कचेरी सापडली, तर टेबलावर "जुनं रेकॉर्ड जीर्ण झालंय, शोधायला माणूस नाही" असं उत्तर मिळालं. बाहेर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ आपणहून भेटले. आत त्यांची ओळख आहे, मोडी वाचणारा त्यांचा आहे, ७,००० रुपये होतील, ३,००० आगाऊ. मी दमलेला होतो, दोन मुक्काम झाले होते. दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर एका पानाचा फोटो पाठवला. गाव माझं होतं, नाव माझ्या पणजोबांचं नव्हतं. रात्री लॉजवर सहज जिल्ह्याच्या संकेतस्थळावर गेलो. तेच पान, त्याच डागासकट, तिथं फुकट होतं.

२०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या नोंदींचा शोध झाला. जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांची रजिस्टरं, जमिनीची खासरा पत्रकं, कडईपत्रकं तपासली गेली. तेव्हा स्कॅन केलेली बरीच पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय आहेत. तुमची जात कोणतीही असो, तुमच्या गावाची पानं घरी बसून आधी बघा. शेजारच्या घरांची नावं त्यात मिळतात आणि गावाचं अक्षर डोळ्यांत बसतं. जमिनीचे जुने फेरफार आणि सातबारा बऱ्याच जिल्ह्यांचे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. एवढं झाल्यावरच गाडी पकडा.

आणि एजंटला एक रुपया देऊ नका. चौथ्या दिवशी मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. लेखी शोध अर्ज दिला, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावला, गाव, वर्षं आणि नोंदवहीचा प्रकार नेमका लिहिला आणि आवक क्रमांक मागून घेतला. 'जुनी नोंद मिळावी' असं मोघम लिहिलं की अर्ज पडून राहतो. 'अमुक गाव, गाव नमुना १४, जन्म-मृत्यू नोंदवही, १९१० ते १९२०' असं लिहिलं की गठ्ठा काढावाच लागतो. दाद दिली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला गठ्ठा दुपारी दोनला मिळाला. नकलांची पावती शंभर रुपयांच्या आत होती. हिशेब तुम्हीच करा.

आत गेल्यावर: मास्क काढू नका. हातमोजे घालू नका, त्यांनी कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं. हात धुऊन पुसून कोरडे ठेवा. खोलीत उजेड नव्हता, माझा टॉर्च कामी आला. मोडीत आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली सलग लिहीत जातात, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. पहिला तास काही लागत नाही. घाबरू नका. एकाच हाताचं अक्षर पानोपान असतं, त्यामुळे गावाचं नाव आणि महिन्याचं नाव ओळखीचं झालं की बाकीचं उघडत जातं.

माझा सगळ्यात मोठा वेळ आडनावानं खाल्ला. गिरणीत आजोबांनी गावाच्या नावावरून आडनाव लावलं होतं. गावातल्या कागदात ते कुणाचंच नाही. जुन्या नोंदींत मुळात आडनावं नाहीतच. 'अमका बिन तमका' म्हणजे तमक्याचा मुलगा, कुठं कुठं त्याच अर्थानं 'वलद'. बाईचं असेल तर 'अमकी कोम तमका', म्हणजे त्याची बायको. शोधायचं ते 'बिन' आणि 'कोम', आणि तेही हाकेच्या नावानं, घरच्या देवघरातल्या नावानं नाही. माझे पणजोबा घरात लांबलचक नावानं आठवले जात. वहीत ते दोन अक्षरांचे आहेत.

१९१८ ची वही उघडली तेव्हा ऑगस्टपर्यंत महिन्याला दोन-तीन मृत्यू होते. ऑक्टोबरला पान पुरेना. एकाखाली एक नावं, आणि कारणाच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द: ताप. हा इन्फ्लुएन्झा. त्या वर्षी पावसाळा सरताना तो मुंबई इलाख्यातल्या खेड्यापाड्यांत शिरला होता. लिहिणाऱ्यानं काही ओळींना 'ताप' हा शब्दही पुरा केलेला नाही, नुसता फराटा ओढला आहे. त्या फराट्यांत पणजी होती. नाव, 'कोम', पणजोबांचं दोन अक्षरांचं नाव, वय अंदाजे बावीस. प्लेग नव्हता. आजोबा तेव्हा पाच वर्षांचे होते. ते इतक्या लहानपणी मुंबईला का धाडले गेले, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारला नव्हता. मी वही मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. कारकून बाईंनी पाणी आणून दिलं, काही विचारलं नाही. तालुक्यातल्या पहिल्या दिवसाचा त्या टेबलावरचा राग तिथं थोडा विरला, एजंटवरचा नाही.

पाचवा दिवस गावात. छान गेला. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आजोबांचं नाव नाही, म्हणजे ते शाळेत गेलेच नाहीत. भूमी अभिलेखातून शेतवार पत्रक मागवायचं राहिलं, ते तुम्ही विसरू नका, पहिल्या मोजणीच्या वेळचे खातेदार त्यात असतात. भाकरी, झुणका, लोकांचं प्रेम, सगळं मिळालं, पुढचं नाव मिळालं नाही.

सहाव्या दिवशी पुणे-नाशिक करून त्र्यंबकेश्वर. प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. तिथं मात्र एक नियम पाळा: पहिल्या भेटेल त्याच्यामागे जाऊ नका. प्रत्येक उपाध्यायांच्या घराण्याकडे ठराविक मुलखाच्या, गावांच्या, जातींच्या वह्या असतात, त्यांत तिथं येऊन गेलेल्या यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावं असतात. "अमक्या तालुक्याचे उपाध्ये कोण?" एवढंच दोन-तीन दुकानांत विचारा, बरोबर वाडा दाखवतात. जाताना गावाचं नाव, जुना तालुका आणि निदान एक खात्रीचं नाव हवं. नव्या आडनावावर त्यांनाही काही काढता येत नाही. दक्षिणा आधी ठरवून घ्या, कुणी रागावत नाही. विधी करायचाच आहे असं नाही, नामावळी बघायची आहे असं सरळ सांगा.

आमच्या उपाध्यायांनी सातव्या दिवशी सकाळी तांबड्या कापडातली लांब वही काढली. गावाच्या नावावर बोट ठेवलं, मग तर्फ, म्हणजे गावांचा जुना गट, मग घराणं. पाऊण तास लागला. शके १८४१. म्हणजे १९१९-२०, पणजी गेल्याच्या पुढचंच वर्ष. पणजोबा एवढ्या लांब तिच्यासाठी आले होते. त्यांनी सांगितलेली नावं उपाध्यायांच्या आजोबांनी लिहून घेतली आहेत: वडील, आजोबा, दोन चुलते, आणि बायकोच्या नावापुढे 'कैलासवासी'. जी नावं मी चार महिने जनगणनेत आणि तीन दिवस तालुक्याला शोधली, ती एका ओळीत. खाली सही नाही, 'निशाणी नांगर' आणि शेजारी दोन तिरक्या रेघांचा छोटा नांगर. तो त्यांच्या हातचा आहे. मी त्यावर बोट ठेवायला विचारलं, उपाध्याय हो म्हणाले.

म्हणून माझा सल्ला आता उलट्या क्रमाचा आहे. आधी घरातल्या म्हाताऱ्या बायका, मग संकेतस्थळावरची पानं, मग त्र्यंबक, नाशिक, पंढरपूर, जिथं घरचे गेले असतील तिथल्या वह्या, आणि सगळ्यात शेवटी तालुका. नावं हातात असली की रेकॉर्ड रूम अर्ध्या दिवसाचं काम आहे. नावांशिवाय गेलात तर माझ्यासारखे तीन दिवस जातील. पुण्याचं पेशवे दफ्तर वतन असल्याशिवाय नकोच.

मी वहीत आमच्या सगळ्यांची नावं लिहून दिली, माझ्या दोन्ही मुलींची आणि बहिणीच्या मुलांचीही. लिहून झाल्यावर उपाध्यायांनी विचारलं, "पणजीबाईंचं माहेर?" ते त्यांच्या वहीत नव्हतं, तालुक्याच्या वहीत नव्हतं, आमच्या घरातही कुणाला माहीत नाही. गावात एक आजोबा सांगत होते की आमच्या आळीचा हेळवी अजून येतो, बैलावर वही घेऊन, सुगी झाल्यावर, आणि पहाटे दारात उभा राहून पिढ्या म्हणतो. सुनांची माहेरं त्याच्याकडे असतात. या सुगीला मी गावातच मुक्काम टाकणार आहे.