अ‍ॅटॅक वाटला, पण...

खानापूर तालुक्यातल्या साठीच्या मावशी. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, उजवीकडचा भाग काढायचा होता. नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. टेबलावर घेतलं तेव्हा हात थरथरत होते. "डॉक्टर, लई भ्या वाटालंय बघा. आमचं मालक असायला पायजे होतं." आमच्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या, पण त्यांनी हात धरला तो भूल चढेपर्यंत सोडला नाही. ईसीजी, एको (हृदयाची सोनोग्राफी) आधीच नॉर्मल आलेले.

सर्जननी आतडं हाताळायला घेतलं आणि बीपी १९० वर गेलं. भूल वाढवली. थोड्या वेळात तेच बीपी ७० वर, आणि मॉनिटरवर ईसीजीतला एसटी हा भाग वर उचललेला, हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. रक्तस्राव तर काहीच नव्हता. अ‍ॅटॅकच, असं सगळ्यांनी धरलं. सर्जनना थांबायला सांगितलं, अ‍ॅड्रिनलिन हे बीपी वाढवणारं औषध सिरिंजमध्ये भरून घेतलं.

ते देण्याआधी कार्डिओलॉजिस्टनी एको मशीन आत आणलं, हे बरं झालं. हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक फुगून निपचित, बुडाकडचा भाग मात्र जोरजोरात आवळतोय. एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसेल असा हा बिघाड नव्हता. संशय ताकोत्सुबोचा. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णन केलेला हा आजार बहुतेक पाळी गेलेल्या बायकांनाच होतो. ताणात उसळणारी अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरकंच हृदयाला लुळं पाडतात, असं मानतात. म्हणजे माझ्या हातातली सिरिंज आगीत तेल ठरली असती. त्यात बुडाच्या आवळण्यानं रक्ताची बाहेर पडायची वाटही अरुंद झाली होती. सिरिंज बाजूला ठेवली. सलाईन वाढवलं, फिनाइलेफ्रिननं रक्तवाहिन्या आवळल्या, बीपी सावरल्यावर हृदयाचा जोर कमी करायला थोडं एस्मोलॉल. सर्जननी आतडं जोडून झटपट पोट बंद केलं.

संध्याकाळी अँजिओग्राफी झाली. मुलगा स्टेंटच्या पैशांची जुळवाजुळव करून बाहेर उभा होता. "ब्लॉक न्हाई म्हंता, मग अ‍ॅटॅक कसला?" हे समजावताना मला भूल देण्यापेक्षा जास्त घाम फुटला.

काही आठवड्यांनी एको पुन्हा नॉर्मल आला. आता प्रश्न कीमोचा. आतड्याच्या कॅन्सरला नेहमी देतात ते फ्लुरोयुरॅसिल स्वतःच हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसवू शकतं, क्वचित ताकोत्सुबोही घडवतं. तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून मुलाच्या हातात दिली आणि पहिल्या डोसाआधी ती दाखवायचीच, असं त्याला बजावलं.