मराठवाड्यात पीस लिली सांभाळताना

आमच्या लातूरमध्ये पीस लिली हल्ली जवळजवळ प्रत्येक रोपवाटिकेत मिळते. गृहप्रवेशाला किंवा वाढदिवसाला ती आवर्जून भेट दिली जाते आणि फेब्रुवारीत घरी आलेले हिरवेगार झाड मे महिन्यात पिवळे पडले की ‘हे आपल्याकडचे झाडच नव्हे’ असे म्हणून टाकूनही दिले जाते. हे म्हणणे मला मान्य नाही. हे झाड आपल्याकडे उत्तम जगते. मात्र त्याच्या दुखण्याचे मूळ पानांत न शोधता मुळांत आणि पाण्यात शोधावे लागते.

पीस लिली ही अळू आणि सुरण यांच्या कुळातली वनस्पती आहे. अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधातील जंगलांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत, दमट हवेत आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात ती वाढते. आपल्याकडे मात्र तिला चाळिशी ओलांडणारा पारा, कोरडी हवा, बोअरचे जड पाणी आणि बहुतेक वेळा काळी माती मिळते. यांतील ऊन आपल्याला दिसते म्हणून सगळा दोष त्याच्याकडे जातो, परंतु घरात सावलीत ठेवलेल्या झाडाचे खरे नुकसान उरलेल्या तीन गोष्टी करतात.

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे झाडाने एकाएकी माना टाकणे. पाने लोंबू लागली की घरातील प्रत्येक जण तांब्याभर पाणी ओततो, आणि येथेच घात होतो. अशा वेळी आधी बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे. पोटभर पाणी दिल्यावर काही तासांत ते पुन्हा ताठ उभे राहते. माती ओली असूनही पाने लोंबत असतील, तर मुळे कुजली आहेत आणि त्यांना पाणी ओढता येत नाही, असे समजावे. मग कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढावे. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी व बुळबुळीत झालेले असते, त्याला आंबूस वास येतो आणि चिमटीत धरून ओढले तर वरची साल निघून हाती येते, आत केवळ दोऱ्यासारखा धागा उरतो. अशी सर्व मुळे स्वच्छ कात्रीने कापून, उरलेले झाड नव्या मिश्रणात लहान कुंडीत लावावे. थोडी पांढरी मुळे शिल्लक असली तरी झाड बहुधा वाचते.

मिश्रणाबाबत मी आग्रही आहे. आपली काळी माती कापसाला आणि ज्वारीला सोन्यासारखी असली तरी कुंडीत तिचा उपयोग नाही. ओली झाली की ती फुगून चिकट होते, मुळांना हवा मिळू देत नाही, आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते; त्या फटीतून पाणी सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि विटांचे बारीक तुकडे यांचे मिश्रण येथे चांगले चालते.

दुसरी तक्रार पानांची टोके करपण्याची. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी खरपुडी जमली असेल तर कारण उघड आहे. आपल्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात; पाणी उडून जाते, क्षार मातीत साठत जातात आणि पानाचे टोक सर्वांत आधी जळते. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडाला घालण्याची पद्धत घरोघरी आहे, पण सतत बाष्पीभवन होऊन त्या पाण्यातील क्षार आणखी वाढलेले असतात. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर सोडले जाणारे पाणीही तसेच. ही दोन्ही पाणी फरशी धुण्याला वापरावीत, पीस लिलीला नव्हे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असते. ते बादलीत धरावे.

साठलेले क्षार घालवायचे तर कुंडीतून भरपूर गोडे पाणी वाहू द्यावे लागते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात एका कुंडीसाठी असे पाणी ओतायला सांगणे मला पटत नाही. त्याऐवजी उन्हाळ्यात मातीचा वरचा थर खरवडून बदलावा आणि पावसाळ्यात झड लागली की कुंडी उघड्यावर ठेवावी; क्षार धुऊन निघतात. ऊन पडताच ती आत घ्यावी, कारण थेट उन्हाने पानांवर करपल्याचे फिकट डाग पडतात व ते भरून येत नाहीत.

एप्रिल-मे महिन्यांत पानांवर बारीक फिकट ठिपके आणि पानाखाली तलम जाळी दिसली तर तो लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड आहे. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. ओल्या कापडाने पाने दोन्ही बाजूंनी पुसावीत, नंतर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, व आठवड्याने पुन्हा फवारावे.

फूल येत नसेल तर बहुधा उजेड कमी पडतो. पूर्वेच्या खिडकीजवळ, पडद्याआड कुंडी ठेवून पाहावे. आलेले पांढरे फूल काही आठवड्यांनी हिरवट होते, तो रोग नव्हे. ते सुकू लागले की देठ अगदी बुडापासून कापावा.