तुम्ही विचारलंत म्हणून: 'सकन'बद्दल एकदाच सांगतो

मला अरबी येतं हे कळलं की लोक तो 'घर म्हणजे सुकून'वाला फॉरवर्ड दाखवतात आणि प्रश्न ठरलेला. "घर आणि शांतता एकाच धातूतून येतात म्हणे, किती सुंदर! मग तुम्ही तोंड का वाकडं करता?"

धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, खराच आहे बाबांनो. सीन, काफ, नून ही तीन अरबी अक्षरं. सकन म्हणजे थांबला, शांत झाला, राहिला. मस्कन राहायची जागा, साकिन राहणारा (मोडी कागदांत 'साकिन मौजे अमुक' असतं तोच), सुकून शांतता, आणि स्वर नसलेल्या अक्षराच्या डोक्यावरचं बारीक गोल चिन्ह, तेही सुकूनच. कुराणात 'रूम' नावाच्या सूरेत (अध्यायात) जोडीदार कशासाठी, तर 'लितस्कुनू', म्हणजे तिच्यापाशी विसावा मिळावा म्हणून. सुंदर आहे, मी कुठे नाही म्हणतोय?

पण मला हा शब्द भेटला कुवेतमध्ये, कामगारांच्या बिल्डिंगवरच्या पाटीवर. सकन उम्माल, म्हणजे कामगारांचं राहायचं ठिकाण. मी टाइमकीपर. खोलीत बंक बेड, एक ड्युटीवर गेला की दुसरा त्याच गादीवर. आमच्यात चिपळूणकडचा एक होता, नाइटवाला. एका गुरुवारी संध्याकाळी फोन आला, आई गेली. पासपोर्ट कंपनीकडे, ऑफिस शुक्रवार-शनिवार बंद, कॅम्प बॉस म्हणाला रविवारी बघू. खाडा झाला तर पगार कापणार आणि खाडा मांडायचं काम माझं, म्हणून मी म्हटलं, तू पड जरा, हजेरी मी लावतो. तो म्हणाला, "पडू कुठं भाऊ, गादीवर तो झोपलाय." आणि बूट घालून बसमध्ये जाऊन बसला.

त्यानंतर मी डिक्शनरी रागाने वाचायचो. त्याच धातूखाली मिस्कीन पण आहे, आणि सिक्कीन, म्हणजे सुरी! जुने कोशकार सांगायचे, गरिबीने माणसाची हालचाल थांबते म्हणून मिस्कीन, सुरीने जनावर शांत होतं म्हणून सिक्कीन. मला तेव्हा हे तंतोतंत पटायचं. आताचे अभ्यासक म्हणतात दोन्ही शब्द आरामी या जुन्या भाषेतून आलेत, मिस्कीन तर त्याही मागे अक्कादी या आणखी प्राचीन भाषेपर्यंत जातो, थोडक्यात अरबीत दत्तक. म्हणजे माझा राग व्याकरणात बसत नाही. नसू दे. तुमचा 'घर म्हणजे सुकून'वाला फॉरवर्ड तरी कुठे पूर्ण बसतो, त्यात ती पाटी नसतेच.

बायको म्हणते, "हो, छान आहे" म्हणून मोकळे व्हा. जमत नाही.

आणि हो, त्या चिपळूणवाल्याने गावाला घर बांधलं, कुवेतच्याच पैशातून. भाड्याने दिलंय, तो अजून तिकडेच आहे.