सभा भांगाच्या दिवशी

ठाणे खाडीविषयी ज्यांना जे ठाऊक आहे ते एका जागी ठेवता यावे आणि पुढचे संशोधनही सर्वांनी मिळून करावे, यासाठी एक छोटे केंद्र उभारण्याच्या विचाराने आम्ही सात-आठ जण गेले काही महिने ऐरोलीला भेटत आहोत. आराखड्याचे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, आणि पहिली चूकही माझ्याच हातून झाली. सर्वांना सुटी असते म्हणून मी सभेसाठी एक शनिवार निवडला. तो पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येतो, हे माझ्या ध्यानातही आले नाही. प्राध्यापक आले, दोन विद्यार्थिनी आल्या, एक निवृत्त अभियंता आले. मच्छीमारांसाठी मांडलेल्या खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या. सभा संपता संपता दिवाळे कोळीवाड्याचे एक वयस्क काका दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, उधाणाच्या दिवशी सभा ठेवलीत, मग आमची माणसं कशी येणार?"

पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे पाण्याला जोराची ओढ असते आणि खाडीत लावलेल्या बोक्षीत, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात, मासळी शिरते ती या ओढीनेच. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी मंदावते आणि जाळी वाळत पडतात. काकांनी मग भरतीचा हिशेबही सांगितला. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि हा हिशेब ४५ मिनिटांचा आहे, त्यामुळे पंधरवडा संपेपर्यंत बरीच तफावत साचते. ती ते मनातल्या मनात दुरुस्त करतात. शिवाय मुंबई बंदराच्या छापील तक्त्यातली वेळ खाडीच्या आत जशीच्या तशी लागू पडत नाही, हेही त्यांना पक्के ठाऊक आहे. आमच्या टिपणातले 'ज्ञानाची देवाणघेवाण' हे प्रकरण तोवर दोन परिच्छेदांचे होते. ते मी त्या रात्री काढून टाकले.

टिपण लिहिताना एका शब्दानेही छळले. या केंद्राशी ज्यांचा संबंध येतो त्या सर्वांना काय म्हणावे? 'भागधारक' म्हटले की कंपनीचे शेअर आठवतात, 'हितसंबंधी' म्हटले की कोणाचा तरी स्वार्थ डोकावतो, आणि 'संबंधित घटक' हा शब्द सरकारी परिपत्रकातच शोभतो. शेवटी 'खाडीशी ज्यांचे काम पडते ते' असे लांबलचक लिहिले आणि तसेच ठेवले.

अशांची संख्या थोडी नाही. खाडीच्या पश्चिमेला मुंबई, वरच्या टोकाला ठाणे, पूर्वेला नवी मुंबई. म्हणजे महापालिकाच तीन. तिवरांची जबाबदारी २०१२ मध्ये स्थापन झालेल्या वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. सुमारे १,६९० हेक्टरचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये भोवतालच्या पट्ट्यासह ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. यांपैकी प्रत्येकाकडे मोजमापे आहेत, नकाशे आहेत, अहवाल आहेत. पण एकाच्या कपाटातले दुसऱ्याला दिसत नाही आणि कोळीवाड्याला तर कोणाचेच दिसत नाही. ऐरोलीत किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीने रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला नेतात, लोक आनंदाने जातात. तशी पाहुण्यांसाठीची दुसरी वास्तू आम्हाला नको आहे. आम्हाला दोन खोल्या, एक वजनकाटा आणि एक लोखंडी कपाट पुरेल.

वजनकाट्याचे कारण सांगतो. काकांच्या घरी जुन्या शाळकरी वह्या आहेत. त्यांत तिथी, जागा, जाळे आणि 'कोळंबी दीड पाटी, बोय अर्धी' अशा नोंदी आहेत. विद्यार्थिनींना ते आकडे किलोत हवे होते, म्हणून आम्ही तीन घरांतल्या पाट्या भरून तोलल्या, तर तिन्हींचे वजन वेगळे निघाले. त्याच पाटीत बोय मासे भरले तेव्हा काटा आणखी निराळेच सांगू लागला. एका सहकाऱ्याने सरासरी काढून सगळ्या नोंदी बदलण्याचे सुचवले. मी त्याला ठाम विरोध केला. सांगणाऱ्याने जे माप सांगितले ते नोंदीत तसेच राहावे, किलोचा अंदाज शेजारच्या रकान्यात लिहावा आणि तो कोणी, कसा काढला हेही लिहावे, असे अखेर ठरले. या एका निर्णयाला आमच्या दोन सभा लागल्या आणि त्या वाया गेल्या असे मला वाटत नाही.

त्याहून अवघड प्रश्न संमतीचा होता. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसे येऊन चिंबोऱ्या (खेकडे) कुठे सापडतात ते विचारून गेली. अहवाल इंग्रजीत निघाला, त्याची प्रत कोळीवाड्यात आलीच नाही, आणि जागा मात्र जगजाहीर झाल्या. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक पातळीवर समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते, हा आधार आमच्या कामी येईल. पण वही भरताना कोणती नोंद खुली ठेवायची, कोणती गटापुरती आणि कोणती लिहायचीच नाही, हे सांगणाऱ्यानेच ठरवावे, अशी अट टिपणात पहिल्या पानावर घातली आहे. निष्कर्ष मराठीत, तोंडी, त्याच वस्तीत जाऊन सांगितल्याखेरीज अहवाल छापायचा नाही, ही दुसरी अट. प्राध्यापकांना ती जाचक वाटते, कारण त्यांच्या प्रकाशनाला उशीर होतो. होऊ द्यावा, असे माझे मत आहे.

कपाटाच्या किल्लीचे अजून ठरलेले नाही. बँकेच्या लॉकरसारखी दोन कुलपे असावीत, एक किल्ली मच्छीमार सोसायटीकडे आणि एक संशोधकांकडे, असे अभियंत्यांनी सुचवले. काकांनी विचारले की पावसाळ्यात वह्यांना ओल लागली आणि दुसरा किल्लीवाला गावाला गेला असेल तर काय करायचे. यावर पुढच्या सभेत बोलायचे आहे. ती वद्य अष्टमीला सकाळी अकरा वाजता ठेवली आहे.